आईने केलेल्या कामाची नोंद कशी ठेवावी?

परळची लेक

माझी आई गेल्या महिन्यात वयाच्या ७६व्या वर्षी गेली. परळच्या आमच्या चाळीत आणि आसपासच्या गल्ल्यांत तिला सगळे मावशी म्हणत. टाटा आणि केईएम या दोन रुग्णालयांत गावाकडून उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करणे हे तिचे आयुष्यभराचे काम होते. कोणाला कोणत्या खिडकीवर जायचे ते सांगायचे, राहण्याची सोय पाहायची, अर्ज भरून द्यायचे, रक्तदाते मिळवायचे. ती कोणत्याही संस्थेची पदाधिकारी नव्हती, तिला कधी मानधन मिळाले नाही आणि तिने ते कधी मागितलेही नाही.

वर्षश्राद्धाला चाळीचे मंडळ एक छोटी स्मरणिका काढणार असून तिच्यातील मुख्य लेख मी लिहावा असे सर्वांनी ठरवले आहे. मी लिहायला बसते, तेव्हा मायाळू, कष्टाळू, सेवाभावी हीच विशेषणे हाताशी येतात. तीच विशेषणे वर्तमानपत्रातल्या प्रत्येक श्रद्धांजलीत असतात आणि त्यांतून माझी आई दिसत नाही. तिच्या कामाचे प्रमाणपत्र नाही, सत्काराचा फोटो नाही, अहवाल नाही. घरी उरली आहे एक लांबोडकी लाल वही आणि ती रोज खांद्याला लावायची ती कापडी पिशवी. अशा माणसाच्या कामाची नोंद कशी करावी? ज्यांनी आपल्या घरातल्या कोणाबद्दल असे काही लिहिले आहे, त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

दीपमाळ

ताई, आपल्या दुःखात सहभागी आहे. माझे मत असे की लेख जरूर लिहावा, परंतु त्याहून टिकाऊ काहीतरी करावे. चाळीसमोरच्या चौकाला मातोश्रींचे नाव मिळावे यासाठी स्थानिक नगरसेवकांमार्फत प्रस्ताव देता येईल, किंवा निदान चाळीच्या प्रवेशद्वाराशी एक संगमरवरी पाटी बसवता येईल. स्मरणिका लोक आठवडाभर टेबलावर ठेवतात आणि पुढे ती रद्दीत जाते.

वाचनमात्र

पाटीला विरोध नाही, पण पाटीवर नाव दिसते, काम दिसत नाही. आपल्या शहरात किती चौकांची नावे आपण रोज वाचतो आणि त्या व्यक्तींनी काय केले हे आपल्याला सांगता येत नाही. ताई, त्या वहीत काय लिहिले आहे आणि पिशवीत काय काय होते, एवढेच आधी इथे लिहा. माझ्या मते आपला लेख तिथेच आहे.

परळची लेक

सांगते. पिशवीत एक प्लास्टिकचे पाकीट आहे. त्यात दोन पेने, अंगठा घेण्यासाठी शाईचा पॅड, टाचण्या, पासपोर्ट आकाराचे फोटो चिकटवायला डिंकाची बाटली, कोऱ्या अर्जांच्या झेरॉक्स प्रती आणि कालनिर्णयाच्या जुन्या पानांचे नीट कापलेले चौकोन. त्या चौकोनांच्या कोऱ्या बाजूला ती परळ स्टेशनपासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता काढून द्यायची. ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी त्यात पूल, देऊळ, औषधांचे दुकान अशी चित्रे असत.

वहीत प्रत्येक पानावर चार रकाने आहेत. पहिल्यात नाव आणि मजला किंवा गल्ली, दुसऱ्यात रक्तगट, तिसऱ्यात शेवटचे रक्त कधी दिले ती तारीख, आणि चौथ्यात शेरा. शेरे वाचताना ती माझ्यासमोर बसून बोलते आहे असे वाटते. ‘रात्रपाळी असते, दुपारी तीननंतर बोलवावे.’ ‘सुईला घाबरतो, सोबत भावाला न्यावे.’ ‘बायकोला सांगू नये म्हणतो, सांगितले.’ ‘बाळंतपण झाले, सध्या विचारू नये.’

तिसरा मजला

त्या वहीत माझे नाव आहे! माझ्या साखरपुड्यात मावशींनी होणाऱ्या जावयाचा पगार विचारला नाही, रक्तगट विचारला. आमचे हे आजही त्या दिवसाची गोष्ट सांगतात. लग्नानंतर पहिल्या श्रावणात मी मंगळागौरीत रमले होते, तेव्हा हे केईएममध्ये रक्त देत होते. मावशींनी त्यांना घरी आणून सोडले आणि जाताना मला बजावले, की आज ह्यांच्याकडून पाणी भरून घेऊ नकोस.

रक्तपेढीवाला

मी एका रक्तपेढीतून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. ताईंनी वहीच्या रकान्यांचे जे वर्णन केले आहे, त्यातला तिसरा रकाना वाचून मी थांबलो, कारण या कामातली खरी मेख त्या रकान्यात आहे. पुरुषाला पूर्ण रक्तदानानंतर तीन महिने आणि स्त्रीला चार महिने थांबावे लागते. रक्तातल्या तांबड्या पेशी योग्य तापमानात ठेवल्या तर साधारण ४२ दिवसांपर्यंत टिकतात, पण प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला केमोथेरपी सुरू असताना प्लेटलेट वारंवार लागू शकतात. म्हणजे एखाद्या जयंतीला मोठे शिबिर भरवून शंभर पिशव्या गोळा केल्या, तरी दहा दिवसांनी आलेल्या मुलाला त्यातल्या प्लेटलेटचा उपयोग नसतो. त्याला त्या आठवड्यात येणारा माणूस लागतो.

त्यात मुंबईची स्वतःची अडचण आहे. मे महिन्यात चाकरमानी कोकणात जातात, महाविद्यालये बंद असतात आणि रक्तपेढ्यांमध्ये दरवर्षी तुटवडा पडतो. दिवाळीच्या सुट्टीतही तेच होते. ज्या बाईने प्रत्येकाची शेवटची तारीख लिहून ठेवली, तिने सगळ्यांना एकदम बोलावणे टाळले असणार आणि मे महिन्यासाठी काही माणसे मुद्दाम राखून ठेवली असणार. ताई, वहीत एप्रिल आणि मे महिन्यांची पाने एकदा ताडून पाहावीत. हे सेवाभावाइतकेच नियोजनाचे काम आहे आणि आपल्या लेखात ते यायला हवे.

परळची लेक

काका, आत्ताच वही उघडून पाहिली. काही नावांपुढे शेऱ्यात ‘गावी जात नाही’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. मला आजवर त्याचा अर्थ लागला नव्हता. त्या नावांपुढच्या बहुतेक तारखा मे महिन्यातल्या आहेत.

सातारी

माझ्या वडिलांना घशाचा कर्करोग झाला, तेव्हा आम्ही मुंबईला प्रथमच आलो होतो. आम्हाला भेटलेल्या बाई दादरच्या होत्या, धाग्यातल्या मावशी नव्हेत. पण त्यांची पद्धत हुबेहूब हीच होती, म्हणून लिहितो. आमच्याकडे त्यांनी धीर देणारे शब्द फारसे खर्च केले नाहीत. त्यांनी आधी कागद मागितले. शिधापत्रिकेवर वडिलांचे नाव एका प्रकारे आणि आधारकार्डावर दुसऱ्या प्रकारे लिहिले होते. त्या म्हणाल्या, ‘यामुळे योजनेतला अर्ज अडकेल, तुमच्यापैकी एकाने आजच्या रात्रीच्या गाडीने परत जावे आणि तहसीलदारांच्या कार्यालयातून दुरुस्ती आणि उत्पन्नाचा दाखला दोन्ही घेऊन यावे.’ मला तेव्हा त्यांचा राग आला होता. पण मी गेलो, आणि परत येईपर्यंत वडिलांची दादरच्या गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत सोय झाली होती.

धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, पहिल्यांना उपचार मोफत आणि दुसऱ्यांना निम्म्या खर्चात, हेही मला त्यांच्याकडून कळले. वडील त्यानंतर बरीच वर्षे जगले. आमच्या घरात त्या बाईंचे नाव अजून निघते, पण त्यांचा पत्ता आमच्यापाशी नाही. ताई, आपल्या आईने ज्यांना मदत केली, ती माणसे आज लातूर, जळगाव, दरभंगा अशी कुठेकुठे असतील. ती चाळीच्या सभेला येणार नाहीत. त्यांच्यापैकी दोघातिघांना फोनवर गाठता आले, तर जरूर गाठावे.

रात्रपाळी

वरचे सर्व प्रतिसाद उत्तम आहेत. एक मूळ प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. हे सगळे त्यांना आले कुठून? वही घालणे, माणसांच्या वेळा लक्षात ठेवणे, अनोळखी माणसाला घरात घेणे, हे एका दिवसात अंगी येत नाही. ताईंचे घर परळचे आणि आईचे वय ७६, म्हणजे त्यांनी भरभराटीतला गिरणगाव पाहिला असणार. त्या खाणावळ चालवत होत्या का?

विचारण्याचे कारण असे की त्या काळी गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या हजारो बायका होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडचे पुरुष गिरणीत, त्यांची कुटुंबे गावी, आणि त्यांचे दोन वेळचे जेवण एखाद्या चाळीतल्या बाईकडे महिन्याच्या हिशेबाने लावलेले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांसाठी. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देणे हे त्या मंडळाचे पहिले मोठे काम होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा त्याची झळ या खाणावळींना सर्वांत आधी लागली, कारण जेवणाऱ्याचा पगार थांबला तरी जेवण थांबवता येत नव्हते.

परळची लेक

आपण अगदी बरोबर ओळखलेत. बाबा गिरणीत साचा खात्यात होते आणि आईची खाणावळ होती. आपला प्रतिसाद वाचून मी ती लाल वही उलटी करून पाहिली. रक्तदात्यांची यादी वहीच्या मागच्या बाजूने सुरू होते. पुढच्या बाजूला खाणावळीचा हिशेब आहे, आणि रकाने तेच आहेत: नाव, खोली, शेवटचे पैसे कधी दिले ती तारीख, शेरा. संपाच्या महिन्यांत तारखेचा रकाना ओळीने कोरा आहे. शेऱ्यात ‘गावी गेला’, ‘भाजी विकतो’, ‘मुलीचे लग्न, मागू नये’ असे लिहिले आहे. पुढे कधीतरी तिने त्या सगळ्या पानांवर एकेक तिरकी रेघ मारून हिशेब संपवला आहे. किती रुपये बुडाले याची बेरीज तिने कुठेही केलेली नाही.

थोरल्या बहिणीला विचारले. ती म्हणाली, की आमच्याकडे जेवणाऱ्यांपैकी एक कामगार आजारी पडून टाटाला दाखल झाला, त्याचे मुंबईत कोणीच नव्हते, म्हणून आई त्याचा डबा घेऊन जाऊ लागली. तिथल्या आवारात बसलेली माणसे तिने तेव्हा प्रथम पाहिली. कामाची सुरुवात तिथून झाली.

गोरेगावकर

माझी आई १९७२च्या सुमारास महागाईविरोधी आंदोलनात लाटणे घेऊन मोर्चात जात असे. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांची नावे इतिहासात आहेत आणि ती असायलाच हवीत. गोरेगावात पाण्यासाठी लढणाऱ्या मृणालताईंना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले, त्याला कोणाच्या प्रस्तावाची गरज लागली नव्हती. पण त्या मोर्चांत ज्या बायका घरचे सगळे आवरून चालत असत, त्यांच्यातल्या फार थोड्यांबद्दल कोणी काही लिहून ठेवले. माझी आई गेल्यावर आम्ही तिचे दागिने आणि साड्या वाटून घेतल्या, तिच्या सह्यांच्या कागदांची पेटी मात्र एका दिवसात रद्दीवाल्याकडे गेली. म्हणून ताईंनी ही वही जपली याचे मला फार अप्रूप वाटते.

मधली मुलगी

थोडा वेगळा सूर लावते, ताईंनी गैरसमज करून घेऊ नये. माझी आईही अशीच समाजाची होती. आमच्या घरी परकी माणसे सतत असत, अभ्यासाला जागा नसे, आणि परीक्षेच्या दिवशीही डबा आम्हीच भरून घ्यायचो. तिच्या शोकसभेत लोक बोलत होते, तेव्हा मला अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी आम्हा भावंडांचा त्यात कुठेच उल्लेख नाही याचे दुःखही होत होते. बाहेरच्या कामाला वेळ देणारी बाई घरातला वेळ कोणाकडून तरी घेतेच. पुरुष कार्यकर्ता असला की तो वेळ बायकोकडून येतो. बाई असली की बहुधा थोरल्या मुलीकडून येतो. स्मरणिकेत ही बाजू आली नाही, तर चित्र अर्धे राहील.

दीपमाळ

हा सूर वर्षश्राद्धाच्या स्मरणिकेत नको असे मला वाटते. त्या दिवशी लोक नमस्कार करायला येतात.

वाचनमात्र

नमस्कार कोणाला करायचा हे नीट कळावे, म्हणूनच तो सूर हवा.

परळची लेक

मधली मुलगी यांनी लिहिले ते मला पटले. आमच्याकडे तो वेळ थोरल्या बहिणीने दिला. तिने सातवीपासून घरचा स्वयंपाक सांभाळला, बारावीनंतर शिक्षण सोडले आणि आमच्या शिक्षणाची घडी मोडू दिली नाही. तिला मी काल हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘माझ्याबद्दल लिहायचेच असेल तर शिक्षण सुटले तेही लिही, आणि आई रात्री परत आली की माझ्या हाताला तेल लावून द्यायची तेही लिही.’ दोन्ही लिहीन. तिच्यावर स्वतंत्र पान असेल आणि त्यावर तिचे नाव मोठ्या अक्षरांत असेल.

नोंदवही

मी अभिलेखागारात काम केले आहे, म्हणून काही व्यावहारिक गोष्टी सुचवते. ती वही स्मरणिकेत जशीच्या तशी छापू नये. त्यात लोकांची नावे, पत्ते, आजारपणे आणि घरगुती गोष्टी आहेत. त्यांनी त्या आपल्या आईला विश्वासाने सांगितल्या होत्या, वाचकांना नव्हे. नावे झाकून एखाददुसऱ्या पानाचे छायाचित्र द्यावे. वहीचे स्कॅन करून घ्यावे, मूळ वही प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये आणि कोणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन करू नये. मुंबईच्या दमट हवेत ती सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवणे बरे.

लोकांच्या आठवणी घेताना ‘मावशी कशा होत्या?’ असे विचारले, तर ‘देवमाणूस होत्या’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी ‘त्या पहिल्यांदा भेटल्या तेव्हा तुम्ही कुठे बसला होतात?’, ‘त्यांनी आधी काय विचारले?’, ‘त्या कोणावर रागावल्याचे आठवते का?’ असे प्रश्न विचारावेत. बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करावे, सुरुवातीला बोलणाऱ्याचे नाव आणि तारीख त्यांच्याच आवाजात घ्यावी, आणि छापण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.

रक्तपेढीवाला

रागावण्याचा प्रश्न फार चांगला आहे. अशी माणसे कशावर रागावतात यातून त्यांचे काम कळते.

तिसरा मजला

मावशी दोनच गोष्टींवर रागवत. कोणी रुग्णासमोर त्याच्या आजाराबद्दल कुजबुजले तर, आणि येतो सांगून रक्त द्यायला कोणी आले नाही तर. दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा ठरलेली होती: त्या माणसाच्या घरी जाऊन काही न बोलता चहा पिऊन यायचे.

सातारी

थोडे विषयांतर होईल, पण विचारतो. मावशींचे नेत्रदान झाले का? आमच्या गावी अजून यावर फार गैरसमज आहेत.

परळची लेक

विषयांतर नाही, हे तिचेच सांगणे होते. हो, झाले. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीच्या लोकांना यावे लागते, म्हणून तिने त्यांचा क्रमांक स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवून ठेवला होता. तोवर खोलीतला पंखा बंद करायचा, डोळे मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा आणि डोक्याखाली उशी द्यायची, हे तिने नातवंडांनाही शिकवले होते. तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, त्यामुळे नातेवाइकांना वाटले की डोळे चालणार नाहीत. तशी काही अडचण येत नाही. काढायचे असते ते बुबुळाचे पारदर्शक पटल, आणि ते काम अर्ध्या तासात झाले. चेहरा जसा होता तसाच राहिला.

दीपमाळ

धागा पुन्हा वाचला. पाटीचा आग्रह मी सोडत नाही, कारण ज्यांच्या नावावर आयुष्यात कधी काही नव्हते अशा माणसांचे नाव भिंतीवर दिसणे याचे मोल मी माझ्या घरात पाहिले आहे. नाव दिसले की लहान मुले विचारतात, ‘ह्या कोण?’ तेव्हा सांगायला लेख हवा हे मात्र मला आता मान्य आहे. पाटीचा खर्च मी देईन. त्यावर काय लिहायचे ते ताईंनी ठरवावे.

परळची लेक

सर्वांचे मनापासून आभार. काय करायचे ते आता माझ्यापुरते स्पष्ट झाले आहे. लेखात विशेषण येणार नाही. वहीच्या दोन्ही बाजू येतील, पिशवी येईल, मे महिन्यातली राखीव माणसे येतील आणि बहिणीचे पान येईल. ज्यांचे क्रमांक वहीत आहेत, त्यांना फोन करायला भाच्याने सुरुवात केली आहे. काही क्रमांक बंद आहेत. पण जालन्याच्या एका गृहस्थांनी आईने काढून दिलेला रस्त्याचा चौकोन अजून जपून ठेवला आहे आणि त्याचा फोटो ते पाठवणार आहेत. दीपमाळ, पाटी जरूर लावू. तिच्यावर नावाखाली ‘खाणावळवाली आणि रुग्णमित्र’ असे लिहावे अशी माझी इच्छा आहे, कारण पहिल्या कामाशिवाय दुसरे झाले नसते.

एक प्रश्न मात्र उरतो. वहीतले शेवटचे नाव आई जाण्याच्या थोडे दिवस आधीचे आहे, आणि कालच बीडहून आलेले एक कुटुंब तिला विचारत चाळीत आले होते. बहिणीने त्यांना धर्मशाळेचा पत्ता दिला. पण त्यांच्या मुलाला बी पॉझिटिव्ह रक्त लागणार आहे.

तिसरा मजला

वही घेऊन आज संध्याकाळी आमच्याकडे ये. आमच्या ह्यांना रक्त देऊन चार महिने झाले आहेत, तेव्हा त्यांचे नाव आधी लिही. बाकीच्यांना आपण दोघी मिळून फोन करू. रकाने मला आखता येतात.

रक्तपेढीवाला

सोबत आलेल्या चिठ्ठीवर पूर्ण रक्त लिहिले आहे की प्लेटलेट, ते आधी पाहून घ्या आणि मला इथेच कळवा. त्यावर कोणाला बोलवायचे ते ठरेल.